गोचीड कुत्र्यावर थोडी, घरात फार

घरात गोचिड्या झाल्याचे बहुतेकांना कुत्र्याच्या कानामागे हात गेल्यावर कळते. खरे तर त्याआधी कितीतरी दिवस त्या भिंतीवरून फिरत असतात. रात्री ट्यूब लावली की पडद्याच्या दांडीजवळ, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, तसबिरीच्या मागून एक तपकिरी ठिपका सावकाश छताकडे निघालेला दिसतो. कोळ्याचे पिल्लू किंवा ढेकूण समजून आपण त्याला सोडून देतो. कधी चपलेने दाबले तर चपटा जीव चपलेखालून निघून पुन्हा चालू लागतो, तेव्हा कुठे शंका येते.

मग धावपळ सुरू होते. कुत्र्याला आंघोळ, औषधी साबण, पावडर. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा कानात दोन-तीन सापडतात. ‘औषधात दम नाही’ असे म्हणून नवे औषध आणले जाते. औषधात दम असतो, हिशेब चुकलेला असतो. घरातल्या एकूण गोचिडांपैकी कुत्र्याच्या अंगावर असतो तो अगदी थोडा वाटा. अंडी, पिल्ले आणि उपाशी बसलेल्या मोठ्या गोचिड्या असा बाकीचा सगळा गोतावळा भिंतीच्या फटींत, फरशीच्या सांध्यांत आणि अंगणात असतो. त्याला हात न लावता कुत्रा कितीही घासला तरी उपयोग मर्यादितच.

आधी ओळख पटवून घेऊ. गोचीड हा कीटक नाही. ती कोळी आणि विंचवाच्या कुळातली. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच. पंख नाहीत, मिशा नाहीत, उडी मारता येत नाही. कुत्र्याच्या केसांतून टुणकन उडून गेलेले दिसले तर ती पिसू. केसांना घट्ट चिकटलेले पांढरे कण दिसले तर त्या लिखा. गादीच्या शिवणीत काळे डाग आणि सकाळी अंगावर ओळीने उठलेले चट्टे दिसले तर ढेकूण. गोचीड एका जागी तोंड रोवून दिवसचे दिवस बसते, हीच तिची मोठी खूण.

उपाशी गोचीड तीनेक मिलिमीटरची, चपटी आणि लालसर तपकिरी असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी राखाडी-निळसर होते, सेंटिमीटरभर लांब होते आणि अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. पुष्कळजण या दोन वेगळ्या जाती समजतात, कुत्र्याला ‘तपकिरी आणि राखाडी अशा दोन्ही झाल्यात’ म्हणून सांगतात. जात एकच असते, एक जेवायची आहे आणि दुसरी जेवून झालेली. नराची पाठ पूर्ण टणक असल्यामुळे तो फारसा फुगत नाही आणि पुष्कळदा फुगलेल्या मादीच्या पोटाखालीच सापडतो. पिल्ले तर अर्ध्या मिलिमीटरची. कुत्र्याच्या पंजावर लाल माती लागल्यासारखी वाटली आणि ती झटकून जात नसेल, तर भिंग घेऊन बघावे, मातीला पाय असतात.

आपल्याकडे कुत्र्यांवर आणि घरांत दिसणारी गोचीड जवळजवळ नेहमी एकच असते: तपकिरी कुत्रा-गोचीड, शास्त्रीय नाव राइपिसेफॅलस सँग्विनियस. जगात गोचिडांच्या नऊशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकींना गवत, झाडोरा, ओलावा लागतो. ही मात्र चार भिंतींत सिमेंट-रंगाच्या फ्लॅटमध्येही अंड्यापासून अंड्यापर्यंतचा सगळा प्रपंच उरकते. म्हणूनच ‘आमचा कुत्रा तर खाली जातही नाही’ हे वाक्य खरे असूनही गोचिड्या होतात. एक पोटुशी मादी पाहुण्यांच्या कुत्र्यावरून, जिन्यात झोपणाऱ्या भटक्या कुत्र्यावरून किंवा चालत दाराखालून आत आली की पुरते.

तिचा जीवनक्रम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण उपाय सगळा त्यातूनच निघतो. फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते आणि अंडी घालायला फट शोधत निघते. ती बहुधा वर चढते, त्यामुळे चौकटीच्या माथ्यावर, छताच्या कोपऱ्यात, लाकडी पट्टीच्या मागे अंडी सापडतात. तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या कणांचा तो ढीग असतो आणि त्यात चार हजारांपर्यंत अंडी असू शकतात. अंडी घालून झाली की मादी मरते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात. सहा पायांची पिल्ले कुत्रा शोधतात, काही दिवस रक्त पितात आणि खाली पडतात. फटीत जाऊन कात टाकतात, त्यातून आठ पायांची मधली अवस्था बाहेर येते. ती पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा आठवडाभर पिते, पुन्हा पडते, पुन्हा कात. मग प्रौढ गोचीड तिसऱ्यांदा चढते. तीन जेवणे, प्रत्येक जेवणानंतर कुत्र्याचा निरोप.

हवा उष्ण असली आणि कुत्रा हाताशी असला तर हे सगळे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरे होते. त्यात कुत्र्यावरचे दिवस मोजले तर साधारण तीन आठवडे भरतात. कुत्रा मिळाला नाही तर मात्र गोचीड थांबते. पिल्ले महिनोन्महिने, आणि प्रौढ गोचीड वर्षाहूनही अधिक काळ अन्नाविना जगते. भाड्याच्या घरात नवे कुटुंब राहायला येते, त्यांच्याकडे कुत्रा नसतो, तरीही महिन्याभरात पोराच्या मानेवर गोचीड सापडते. आधीच्या भाडेकरूचा कुत्रा गेलेला असतो, गोचिड्या मागे राहिलेल्या असतात. याच कारणासाठी, ‘थोडे दिवस कुत्रा गावाला ठेवू, आपोआप मरतील’ हा सल्ला मला सर्वांत वाईट वाटतो. कुत्रा गेला की उपाशी गोचिडांना घरात उरलेली उबदार शरीरे म्हणजे आपण. शिवाय तापमान वाढले की ही गोचीड माणसाकडे अधिक वळते, असे प्रयोगांत दिसले आहे. एरवी ती माणसाला टाळते.

आता तोंड. गोचिडीच्या तोंडात एक लांबट भाग असतो, त्यावर मागे वळलेल्या दात्यांच्या रांगा असतात. कातडी कापून तो आत जातो आणि ओढले तर दाते अडकतात. बहुतेक जाती त्यात भर म्हणून सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडतात. लाळेत रक्त गोठू न देणारी आणि वेदना बधिर करणारी द्रव्ये असतात, म्हणून चावा कळत नाही. पुढच्या पायांवर एक सूक्ष्म खळगा असतो, त्याने तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास टिपता येतो. झोपलेल्या कुत्र्याच्या दिशेने भिंतीवरून उतरणारी गोचीड योगायोगाने तिकडे येत नसते.

हे लक्षात घेतले की काढायची पद्धत सरळ होते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, भुवया कोरायचा चालतो. केस बाजूला सारून कातडीला अगदी लगटून, गोचिडीच्या तोंडापाशी धरायचे. फुगलेल्या पोटाला धरायचे नाही. मग पीळ न देता, झटका न देता, सरळ वर, हळूहळू वाढत्या जोराने ओढायचे. क्षणभर कातडीचा छोटा तंबू होतो आणि गोचीड सुटते. तोंडाचा एखादा काळा कण आत राहिला तर कोरत बसू नये, कातडी तो आपण होऊन बाहेर टाकते. जागा साबणाने धुवावी, हात धुवावेत. काढलेली गोचीड नखावर फोडू नये. तिच्या पोटातले रक्त आणि त्यातले जंतू आपल्या बोटाच्या चिरेत जाऊ शकतात. झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट घेऊन त्यात टाकावी किंवा चिकटपट्टीत दोन्हीकडून बंद करून कचऱ्यात द्यावी. नुसत्या पाण्याने ती मरत नाही, बादलीत टाकलेली गोचीड बराच वेळ तग धरते.

रॉकेलचा बोळा, पेटत्या उदबत्तीचा चटका, तंबाखूचे पाणी, व्हॅसलीन, नेलपॉलिश हे सगळे प्रकार सोडून द्यावेत. त्यांनी गोचीड सुटेल की नाही हे नशिबावर. पण त्रास झाल्यावर ती पोटातला ऐवज लाळेसकट चाव्याच्या जखमेत सोडण्याची भीती असते. चटक्याने भाजते कुत्र्याला.

कुत्र्यावर शोधायच्या जागाही ठरलेल्या आहेत: कानाच्या आत आणि मागे, पंजाच्या बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी. फिरून आल्यावर दोन मिनिटे उलट्या केसांतून बोटे फिरवली की पुष्कळ काम होते. पाळणाऱ्यांच्या तोंडी ज्याला सरसकट ‘टिक फीव्हर’ म्हणतात त्यात प्रत्यक्षात एकाहून अधिक रोग येतात. एर्लिकिया नावाचा जीवाणू पांढऱ्या पेशींत वाढतो, प्लेटलेट उतरवतो. नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, ताप, जेवणाला नकार ही त्याची लक्षणे. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. कुत्रा दोन वेळा जेवला नाही आणि हिरड्या फिकट दिसल्या तर गोचीड सापडली नसली तरी पशुवैद्याकडे रक्त तपासून घ्यावे. चाव्यानंतर एर्लिकिया काही तासांतही पोचू शकतो, तेव्हा ‘आठवड्यातून एकदा बघतो’ हे पुरेसे नाही.

माणसाला याच गोचिडीकडून मिळू शकणारा आजार म्हणजे इंडियन टिक टायफस. रिकेट्सिया नावाच्या जंतूने होतो. ताप, डोके ठणकणे, तळहात-तळपायांपर्यंत येणारे पुरळ, कधीकधी चाव्याच्या जागी काळी खपली. प्लेटलेटही उतरतात, त्यामुळे पावसाळ्यात तो डेंगीच्या गर्दीत हरवतो. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने आटोक्यात येतो. उशीर झाला तर अवघड होतो. विदर्भात 2018 मध्ये ज्याचा बराच गाजावाजा झाला तो स्क्रब टायफस याचाच चुलतभाऊ, पण तो गोचीड नव्हे, गवतातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या चिगर माइटच्या पिल्लांमुळे होतो. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेले आजी-आजोबा फोनवर ज्या लाइम आजाराची धास्ती सांगतात, तो अमेरिकेच्या ईशान्य भागात खरोखर मोठा प्रश्न आहे. तो हरणांवरची वेगळी गोचीड पसरवते. आपल्या कुत्र्यावरची गोचीड बघून लाइमची भीती घ्यायचे कारण नाही.

उपायाकडे येऊ. मी त्याचे दोन भाग करीन आणि दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा म्हणेन.

पहिला भाग कुत्रा. हल्ली पशुवैद्य चघळायच्या गोळ्या देतात, फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर अशा नावांच्या. औषधागणिक परिणाम एक ते तीन महिने राहतो. मानेवर थेंब सोडायचे फिप्रोनिल किंवा औषधी गळपट्टा हेही पर्याय आहेत. गोळीबद्दल एक गैरसमज हमखास होतो. गोळीचे औषध रक्तात असते, म्हणून गोचीड चावल्यावरच ती मरते. गोळी दिल्यावरही अंगावर गोचिड्या चालताना दिसणारच. त्या मरायला आलेल्या असतात. किंबहुना गोळी दिलेला कुत्रा घरभर हिंडत राहणे हाच घर साफ करण्याचा उत्तम मार्ग. फटीतली प्रत्येक उपाशी गोचीड कधीतरी त्याच्यावर चढते आणि तिथेच संपते. मात्र घरात साठलेली अंडी-पिल्ले एकामागून एक बाहेर पडत राहतात, त्यामुळे दोन-तीन महिने खंड न पाडता औषध चालू ठेवावे लागते. पहिल्या महिन्यात गोचिड्या दिसेनाशा झाल्या म्हणून दुसरी गोळी टाळली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. फिट येणाऱ्या कुत्र्याला आणि लहान पिल्लाला या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

गोठ्यासाठी आणलेले गुरांचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्यातून झालेली विषबाधा पशुवैद्यांच्या रोजच्या परिचयाची आहे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही कोली जातीच्या आणि तिच्याशी नाते असलेल्या कुत्र्यांना जिवावर बेतू शकते. घरात मांजर असेल तर आणखी जपावे. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन मांजराचे यकृत पचवू शकत नाही; कुत्र्याच्या अंगाला घासून बसलेले मांजरही झटके येऊन मरू शकते. कडुनिंबाचे तेल, करंजाचे तेल यांनी थोडा काळ गोचीड दूर राहते. घरात प्रादुर्भाव झाल्यावर त्यांच्या भरवशावर राहू नये.

दुसरा भाग घर. पेस्ट कंट्रोलवाला येतो तो झुरळांच्या सवयीने. किचनचे कोपरे, सिंकखाली, फरशीच्या कडा मारतो आणि जातो. गोचिडांसाठी त्याला शिडीवर चढवावे लागते. चौकटींचे माथे, पडद्याच्या दांड्या आणि शिवणी, तसबिरींच्या पाठी, पलंगाच्या फळ्यांचे सांधे, जिन्याच्या कठड्याखालचा भाग, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मागची भिंत आणि कुत्रा जिथे झोपतो तिथून दोन मीटरच्या आतली प्रत्येक फट त्याला स्वतः दाखवावी. विजेच्या बोर्डावर पातळ औषध मारू देऊ नये, तिथे ब्रशने झाडून घ्यावे. फवारणीत साधारणपणे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असते. वाळेपर्यंत मुले, कुत्रा, मांजर बाहेर ठेवावे. माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद करावा, कारण माशांना ही औषधे अत्यंत विषारी. अंड्यांवर फवारणीचा भरवसा नसतो, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी आणि गरज पडली तर तिसरी. एकाच फेरीत ‘गॅरंटी’ देणाऱ्याला काम देऊ नये असे माझे मत.

फवारणीच्या आधी व्हॅक्यूम क्लीनरचे निमुळते तोंड सगळ्या फटींतून फिरवले तर निम्मे काम होते. पिशवी लगेच घराबाहेर बांधून टाकावी. कुत्र्याची गोधडी उकळत्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावी. गार पाण्याच्या मशीनमधून गोचीड जिवंत निघते. नंतर भिंतीतल्या चिरा पुट्टीने, चौकटीच्या फटी सिलिकॉनने बुजवाव्यात. हे कंटाळवाणे काम सगळ्यांत जास्त टिकते.

सोसायटीत एकट्या फ्लॅटने लढून भागत नाही. पार्किंगमध्ये झोपणारी भटकी कुत्री हा तिथला कायमचा साठा असतो. त्यांना हाकलले तर त्यांच्या जागी दुसरी येतात. चार घरांनी वर्गणी काढून त्याच कुत्र्यांना पशुवैद्याच्या सल्ल्याने गोळी चारली, तर जिन्यातल्या फवारणीपेक्षा स्वस्तात जास्त काम होते. मला हा उपाय पटतो.

अंगण असेल तर भिंतीलगतचे वाढलेले गवत कापणे, विटांचे आणि लाकडांचे ढीग हलवणे, उंदीर-घुशींचा बंदोबस्त करणे एवढे तरी करावे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गोचिड्या वेचून खातात हे खरे. मात्र खुराड्याच्या फटींत कोंबड्यांची स्वतःची वेगळी, मऊ पाठीची गोचीड असते. ती रात्री येऊन पिते आणि पहाटे फटीत परतते. दिवसा कोंबडी तपासून ती दिसत नाही.

गोठ्यातला हिशेब वेगळा. गुरांवरची निळसर गोचीड अंड्यातून निघून जनावरावर एकदा चढली की तिन्ही अवस्था तिथेच पुऱ्या करते, उतरते ती फुगलेली मादी झाल्यावर, तीनेक आठवड्यांनी. त्यामुळे जनावरावरची फवारणी इथे कुत्र्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते, फक्त ती तीन आठवड्यांच्या आत पुन्हा व्हायला हवी. दुसरीकडे थायलेरिया हा गुरांचा रोग पसरवणारी हायलोमा ही गोठ्याच्या दगडी भिंतीत लपणारी जात. तिच्यासाठी भिंतीच्या फटी फ्लेमगनने जाळणे, त्या लिंपून घेणे आणि चुना मारणे हेच खरे. कडबा आणि छप्पर बघून आग वापरावी हे सांगायला नको. संकरित होल्स्टीन, जर्सी गाईंना या रोगाचा फटका गावठी गाईपेक्षा जास्त बसतो, आणि वासरांना सगळ्यांत आधी. औषध लेबलवर आहे त्यापेक्षा पातळ मारायची सवय वाईट. अर्धवट मात्रेतून वाचलेल्या गोचिडांची प्रजा त्या औषधाला दाद देत नाही, आणि डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिड्या देशात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. फवारल्यावर किती दिवस दूध वापरायचे नाही, हेही लेबलवर असते. ते वाचणारे फार थोडे.

जाता जाता सांगायला हवे की, चावणारा बारीक जीव रोग पसरवतो ही गोष्ट जगाला आधी पटवली ती याच गुरांच्या गोचिडीने. अमेरिकेत टेक्सासकडून आलेल्या गुरांच्या मागे इतर गुरे पटापट मरत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गोचीड काढलेली आणि गोचीड असलेली गुरे वेगवेगळ्या कुंपणांत ठेवून प्रयोग केले आणि 1893 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी, सिकंदराबादेत. 1906 पासून अमेरिकेने गुरे औषधाच्या हौदातून पुनःपुन्हा पोहवून ती गोचीड दक्षिणेकडच्या राज्यांतून जवळजवळ हद्दपार केली. त्याला सुमारे चार दशके लागली.

आपल्याकडचा गोचिडीचा सर्वांत गंभीर आजार मात्र घरातला नाही, जंगलाच्या कडेचा आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. प्रथम संशय होता पिवळ्या तापाचा, जो आशियात कधीच शिरलेला नव्हता. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले टेलफर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने नवा विषाणू वेगळा केला. तो निघाला रशियातल्या गोचीड-विषाणूंचा नातेवाईक. सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल काय, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम 1959 मध्ये सुरू केला. भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दल आपल्याला जे कळले, त्यातले पुष्कळ या गोचिडीच्या निमित्ताने.

या रोगाला सिंधुदुर्ग आणि गोव्यात माकडताप म्हणतात. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात दिसला. काजू बागांत काम करणाऱ्यांना तो होतो याला कारण वेळापत्रकाचे. रोग पसरवणाऱ्या हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीच्या मोठ्या अवस्था पावसाळ्यात गुरांवर असतात. माणसाला चावते ती जेमतेम मिलिमीटरभराची मधली अवस्था, आणि तिचे दिवस जानेवारी ते मे. काजूबिया गोळा करायचा हंगाम नेमका तोच. गुरांखाली अंथरायला आणि भाजावळीला रानातून पातेरा आणायचा मोसमही तोच, म्हणजे गोचीड भाऱ्यातून थेट घरी.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे, गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेले डेपा हे मलम लावावे. पाचोळ्यावर टेकून जेवू नये. घरी आल्यावर कपडे अंगणातच उतरवून गरम पाण्यात टाकावेत, अंग साबणाने चोळून धुवावे आणि गुडघ्यामागची, कमरेची, केसांच्या मुळांची जागा दुसऱ्याकडून बघून घ्यावी. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळही जाऊ नये. त्याच्या थंड होणाऱ्या अंगावरून उतरलेल्या गोचिड्या आजूबाजूलाच असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेलेली जुनी लस पुरेशी परिणामकारक न उरल्याने थांबवली गेली आणि नव्या लसीवर काम चालू आहे. विशिष्ट औषधही नाही; लवकर रुग्णालयात जाऊन लक्षणांवर उपचार घ्यायचे एवढेच हातात असते. दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीन ते पाचच्या आसपास सांगितले जाते. ताप एकदा उतरून आठ-दहा दिवसांनी पुन्हा चढू शकतो, तेव्हा पहिल्या उतरणीला बरे झालो असे धरू नये.

काढलेली गोचीड ज्या बाटलीत टाकली तिच्यावर तारीख आणि जागा लिहून ती महिनाभर ठेवावी. त्या महिन्यात घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावे: घरात कुत्रा आहे की नाही, गोठा आहे का, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणत्या रानात गेलो होतो आणि अंगावर गोचीड सापडली होती का.